सोळावा शब्द

आमच्या क्लबाच्या पत्त्यांच्या खोलीत एक जुनी पाटी आहे : 'कृपया शांतता राखावी.' तिच्याखाली कोणा रसिकाने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : 'पण फार वेळ राखू नये.' दरवर्षी दिवाळीच्या आधी पाटी पुसली जाते, पण पेन्सिलीचे ते अक्षर खोडण्याचे धाडस अजून एकाही सेक्रेटरीला झालेले नाही. ब्रिजचे निम्मे नीतिशास्त्र त्या ओळीत आले आहे, हे तिथला प्रत्येक सभासद मनातून जाणतो.

आपण मराठी माणसे मेंढीकोटावर वाढलेली. उन्हाळ्याच्या सुटीत, दुपारी, माजघरात, ओल्या फरशीवर. माझी आजी मेंढीकोटात अजिंक्य होती. बदाम चांगले असले की तिचा हात छातीवर जाई, इस्पिक असले की अंबाड्यावर. चौकट असली की ती दाराच्या चौकटीकडे बघे. किलवराला काही खूण सापडेना, म्हणून तेवढ्यापुरती ती खोकत असे. समोर आजोबा. त्यांना दिसायचे कमी, म्हणून आजीच्या खुणा उत्तरोत्तर मोठ्या होत गेल्या होत्या. शेवटी शेवटी तर शेजारच्या वाड्यातही हुकूम कळत असे. यात कोणाला काही गैर वाटले नाही. खुणा करणे हा निम्मा खेळ आणि त्या पकडून आरडाओरडा करणे हा उरलेला निम्मा.

ब्रिजमध्ये हे सगळे बंद! चार माणसे, बावन्न पाने आणि बोलायला अवघे पंधरा शब्द. एकपासून सातपर्यंत आकडे; किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नोट्रंप ही पाच नावे; आणि पास, डबल, रिडबल. झाली भाषा. हातातली तेरा पाने भिडूला समजावून सांगायची ती या पंधरा शब्दांत, आणि तीही समोरच्या दोघा शत्रूंना ऐकू येतील अशी. मी धंद्याने मराठीचा अध्यापक. तासात हजारो शब्द खर्चून मुलांपर्यंत काही पोचवता येत नाही, हे दुःख रोजचे. पंधरा शब्दांत संसार करणाऱ्या या भाषेची मला पहिल्यापासून भुरळ पडली, यात नवल नाही.

पण माणसे एकत्र बसली की कोणत्याही भाषेत चोरवाटा पाडतात. ब्रिजच्या भाषेत असा एक सोळावा शब्द आहे. तो कोणत्याही पुस्तकात नाही, उच्चारावा लागत नाही, आणि तरी टेबलावरच्या चौघांनाही स्पष्ट ऐकू येतो. तो म्हणजे थांबणे.

पूर्वी आमच्याकडे बोली तोंडाने चाले, तेव्हा एकट्या 'पास' या शब्दाचे निदान चार अर्थ होते. झटकन टाकलेला 'पास!' म्हणजे हातात रद्दी आहे. लांबवलेला 'पाऽऽस' म्हणजे होते थोडेसे, पण धीर झाला नाही. 'पास, पास' असा दोनदा म्हणजे तू खुशाल बोल, मी आहे. आणि सुस्कारा सोडून म्हटलेला 'बरं बुवा, पास' म्हणजे मागच्या डावात तू काय दिवे लावलेस ते मी विसरलेलो नाही. या बोलक्या पासांवर उपाय म्हणून स्वीडनमध्ये १९६२ साली बोलीच्या पेट्या निघाल्या. छापील चिठ्ठ्यांची एक पेटी प्रत्येकाच्या कोपऱ्याला अडकवायची आणि तोंड उघडायच्या ऐवजी चिठ्ठी काढून ठेवायची. या पेट्या आमच्या क्लबात फार उशिरा आल्या. आल्या त्या दिवशी सेक्रेटरींनी आता आवाजाचा प्रश्न मिटला असे भाषण केले, आणि त्याच संध्याकाळी आमच्या वकीलसाहेबांचे बोट लाल डबलच्या चिठ्ठीवर गेले, तेथे काही काळ विसावले आणि परत येऊन त्यांनी हिरवा पास काढला. आवाजाचा प्रश्न खरोखरच मिटला होता.

आता कोणी म्हणेल, माणसाने विचार केला तर त्यात एवढे काय कळते? पुष्कळ कळते. पाने मोजण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे : एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. साऱ्या जोडात मिळून चाळीस. दोघा भिडूंकडे मिळून पंचवीस-सव्वीस असले की गेमपर्यंत जावे. आता ज्याच्या हातात चार गुण आहेत तो विचार कशाला करील? तो चहाकडे बघत पास म्हणतो. ज्याच्याकडे सोळा आहेत तोही विचार करत नाही. त्याला बोलायचेच असते. विचार करतो तो अकरावाला. म्हणजे जो थांबला आणि मग पास म्हणाला, त्याने न बोलता 'अकरा' असे सांगून टाकले. एखाद्याने चिठ्ठीवर लिहून भिडूच्या हातात दिले असते तर आपण त्याला क्लबातून काढून टाकले असते. हे मात्र राजरोस चालते, आणि बहुधा त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

मुलांना वृत्ते शिकवताना यती समजावून सांगावा लागतो. मंदाक्रांतेची सतरा अक्षरे. चौथ्यावर थांबायचे, मग सहा, मग सात. शार्दूलविक्रीडितात बाराव्यावर. या जागी थांबलात तर तो वृत्ताचा भाग. भलत्या जागी, शब्दाच्या पोटात थांबलात तर यतिभंग, आणि तो दोष. ब्रिजवाल्यांनीही आपली यतिस्थाने ठरवली आहेत. कोणी मधल्या पायऱ्या गाळून एकदम उडी मारून बोलला, म्हणजे उदाहरणार्थ पहिल्याच बोलीला 'तीन चौकट' म्हणाला, तर त्याच्या पुढच्याने सुमारे दहा सेकंद थांबायचे अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. हातात काही असो वा नसो, सर्वांनी सारखेच थांबायचे, म्हणजे त्या थांबण्याला अर्थ उरत नाही. मोठी शहाणी युक्ती. फक्त आमच्या क्लबात त्या दहा सेकंदांत ज्याच्याकडे काही नसते तो छताच्या पंख्याकडे बघतो आणि ज्याच्याकडे असते तो पानांकडे बघतो, एवढेच.

कायदा या बाबतीत फार समंजस आहे. विचार करणे हा गुन्हा नाही, असे तो आधीच सांगतो. नकळत वेळ लागला तर त्यात काही चूक नाही. खेळच विचाराचा आहे. मात्र तुमच्या थांबण्यातून तुमच्या भिडूला जे कळले, त्याचा त्याने कटाक्षाने फायदा घेता कामा नये. त्याच्यापुढे दोन समंजस वाटा असतील आणि तुमचे थांबणे त्यांतल्या एकीकडे बोट दाखवीत असेल, तर त्याने ती वाट सोडायची. म्हणजे थांबला एक, दंड भरायचा दुसऱ्याने! प्रथम ऐकल्यावर हा न्याय उफराटा वाटतो. विचार केल्यावर पटतो. आणि प्रत्यक्ष पाने हातात आल्यावर पुन्हा उफराटा वाटू लागतो.

मुद्दाम खोटे थांबणे हा मात्र कपटाचा प्रकार, आणि त्याला कायद्यात क्षमा नाही. उतारी झाली, तुमच्या हातात त्या रंगाचे एकच पान आहे, एकुलती एक दुर्री, आणि तुम्ही हनुवटी खाजवत बसला, तर खेळणारा समजतो की राणी तुमच्याकडेच आहे. वकीलसाहेबांना यावरून एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मी त्या पानाचा विचार करतच नव्हतो, उद्याच्या तारखेचा करत होतो." त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, पण बचाव चांगला होता.

जागतिक पातळीवरची लफडी याहून वेगळी. १९६५ साली ब्वेनोस आयरेसच्या जागतिक स्पर्धेत इंग्लंडच्या एका विख्यात जोडीवर पाने धरताना बोटांनी बदामाची संख्या सांगितल्याचा आरोप झाला. इंग्लंडातल्या चौकशीत पुढच्या वर्षी ते निर्दोष ठरले, आणि वाद मात्र अजून चालू आहे. १९७५ साली बर्म्यूडात दोघा इटालियनांच्या पायांच्या हालचाली टेबलाखाली आढळल्या. त्याच स्पर्धेत खेळाडूंच्या मध्ये पडदे आले होते, पण ते टेबलाच्या वर. पायांची सोय मागाहून करावी लागली. माझ्या आजीला हे सर्व सांगितले असते तर 'मग त्यांनी खोकायचं नाही का' असे ती म्हणाली असती. २०२० साली सारे जग घरात बसले तेव्हा आम्ही संगणकावर खेळू लागलो. तेथे चेहरा नाही, बोट नाही, सुस्कारा नाही. थांबणे मात्र होतेच. फरक इतकाच की भिडू राणीपाशी अडला आहे की त्याच्याकडची वीज गेली आहे, हे कळायला मार्ग नव्हता. ब्रिजच्या इतिहासात इतकी निष्पाप बोली कधीच झाली नसेल.

पण ही सारी मोठ्यांची गोष्ट. क्लबात चोर नसतात, भिडू असतात. पंधरा-पंधरा वर्षे समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांचा श्वास ओळखतात, आणि सारा घोटाळा तिथे होतो. हे मी इतक्या ठामपणे सांगतो आहे, कारण ते माझ्याच हातून घडले आहे.

माझे भिडू भाऊसाहेब. निवृत्त तहसीलदार, चौऱ्याहत्तर वर्षांचे. दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून क्लबात नेतो आणि रात्री घरी सोडतो. त्यांच्या पत्नीला पूर्वी या पत्त्यांचा फार राग. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, आणि त्यांतले एक साठ वर्षांचे असल्याचे वर्तमानपत्रात आले, तेव्हापासून त्या माउलीने पत्त्यांना 'खेळ' म्हणायला सुरुवात केली. पदक कधी आणता, असेही अधूनमधून विचारू लागल्या. पदक नाही तरी क्लबाचा वार्षिक चषक एकदा घरी न्यावा, अशी भाऊसाहेबांची फार दिवसांची इच्छा होती.

गेल्या वर्षी, गणपती गेल्यावर, तो चषक आमच्या हाताशी आला. आठ टेबले होती. शेवटून दुसऱ्या फेरीला आम्ही बहुधा पहिले होतो. समोर आली दोन मुले : माझ्याच महाविद्यालयातला एक मुलगा आणि एक मुलगी. ब्रिज शिकून त्यांना वर्षही झाले नव्हते. 'सर, सांभाळून घ्या हं,' म्हणत ती बसली.

माझी पाने अशी : इस्पिकचे पाच, एक्का, राणी, नव्वी, छक्की, चव्वी. बदामाची अठ्ठी आणि तिर्री. चौकटीचा राजा, गुलाम, पंजी. किलवरचा राजा, सत्ती, चव्वी. तेरा गुण, सरळ, गुळगुळीत पाने, कुठे टोक नाही. मी 'एक इस्पिक' म्हटले. डावीकडून मुलगा 'दोन बदाम'. भाऊसाहेब 'दोन इस्पिक'. मुलगी पास. माझ्या पानांत याहून अधिक काही नव्हते, मीही पास. मुलाने जरा धीर करून 'तीन बदाम' काढले.

आणि भाऊसाहेब थांबले.

चष्मा वर केला. पाने मिटली, पुन्हा उघडली. बोट पेटीकडे गेले, मागे आले. अर्धा मिनिट तरी गेला असेल. मग त्यांनी पास काढला. मुलगीही पास. बोली माझ्याकडे आली.

इथे ब्रिजचा थोडा हिशेब सांगतो. ज्यांना नको असेल त्यांनी दोन परिच्छेद ओलांडावेत. गुण कमी-जास्त असताना आणि दोन्ही बाजू भांडत असताना किती वर जावे याचा एक ठोकताळा व्हर्न नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९६० नंतरच्या दशकात मांडला. आपल्या हुकुमाची दोघांकडची मिळून पाने मोजा, प्रतिपक्षाच्या हुकुमाची मोजा, आणि बेरीज करा. दोन्ही बाजूंना आपापल्या हुकुमात मिळून साधारण तितके हात होतात. आता मला काय दिसत होते? माझे इस्पिक पाच. भाऊसाहेबांनी 'दोन इस्पिक' म्हटले म्हणजे तीन निश्चित. आठ झाले. मुलाकडे बदाम सहा, मुलीने त्याला पाठिंबा दिलेला नाही, म्हणजे तिच्याकडे दोन धरा. तेही आठ. बेरीज सोळा, वाटणी बहुधा आठ-आठ. तसे असेल तर तीन बदामाला नऊ हात लागतात, त्याचा एक हात कमी पडेल आणि आम्हांला पन्नास गुण मिळतील. उलट मी 'तीन इस्पिक' म्हटले तर माझा एक कमी पडेल आणि पन्नास जातील. म्हणजे पास. मी माझे सर्व सांगून झालेलो, तेरा सपाट गुण, पास हीच शहाण्याची बोली.

पण भाऊसाहेब थांबले होते. ज्याच्याकडे तीन इस्पिक असतात तो अशा वेळी थांबत नाही. चौथे इस्पिक असल्याशिवाय भाऊसाहेबांचा चष्मा वर जात नाही, हे मला पंधरा वर्षांच्या संसाराने शिकवले आहे. चौथे इस्पिक असेल तर आमचे नऊ झाले, सगळा हिशेब पालटला.

मी 'तीन इस्पिक' काढले. सर्वांनी पास म्हटले. डमी उतरली : इस्पिकचा राजा, दश्शी, सत्ती, तिर्री. चार! मुलाने बदामाचे दोन हात घेतले, चौकटीचा एक्का गेला, किलवरचा एक्का गेला, आणि बाकीचे नऊ माझे. एकशे चाळीस गुण. 'छान खेळलात, सर,' मुलगी म्हणाली. खेळण्यासारखे त्यात काही नव्हते. पाने खाली ठेवली असती तरी नऊच झाले असते. मी हसून मान डोलावली.

भाऊसाहेबांनी पाने बोर्डात घातली नाहीत. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "डायरेक्टर, जरा इकडे येता का?"

आपल्याकडे डायरेक्टरला हाक मारणे म्हणजे लग्नात पोलीस बोलावण्यासारखे समजतात. वास्तविक तसे काही नाही. रीत अशी आहे की कोणी थबकला तर प्रतिपक्षाने शांतपणे 'थोडा विचार झाला, हे मान्य ना?' एवढेच विचारावे, त्याने 'हो' म्हणावे आणि पुढे खेळावे. नंतर नुकसान वाटले तर डायरेक्टरला सांगावे. यात कोणी कोणाला चोर म्हटलेले नसते. पण प्रतिपक्षाने काही विचारलेच नव्हते. त्या मुलांना यात काही झाले आहे हेही कळले नव्हते. आणि आपल्याच बाजूची चूक आपण होऊन दाखवावी असे बंधन कायदाही घालत नाही. ते मी नंतर मुद्दाम पाहिले.

"तीन बदामावर मी पुष्कळ विचार करून पास म्हटलं," भाऊसाहेब डायरेक्टरला म्हणाले, "आणि माझ्या भिडूने तीन इस्पिक म्हटलं. बघा काय ते."

आमचे डायरेक्टर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मला विचारले, "तुमचं काय म्हणणं?"

"मला बोलायचंच होतं," मी म्हणालो. जगातला प्रत्येक गुन्हेगार हेच वाक्य म्हणतो, हे त्या वेळी सुचले नाही.

"बोलायचं असेल. ते मी नाकारत नाही," ते म्हणाले. "पण ही पानं हातात असताना दुसरा कोणी पास म्हटला असता की नाही, एवढंच मला बघायचंय." त्यांनी माझी तेरा पाने एका कागदावर उतरवली आणि त्या दिवशी खेळायला न बसलेल्या तिघा जाणत्यांना चहाच्या टेबलावर जाऊन विचारले. भिडू थांबला होता, हे अर्थात सांगितले नाही. दोघे म्हणाले, पास. तिसरे डॉक्टर, ते म्हणाले, तीन इस्पिक. पण डॉक्टर कशावरही बोलतात. निकाल झाला : तीन बदाम, एक हात कमी, आम्हांला पन्नास. त्या बोर्डावर चौदांपैकी अकरा मिळणार होते ते तीन झाले. चषक पाच गुणांनी गेला.

मुलगी गोंधळून 'राहू दे ना, सर,' असे मला म्हणत होती. ते सर्वांत वाईट.

त्या रात्री भाऊसाहेब नेहमीप्रमाणे स्कूटरवर मागे बसले, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांच्या दारापाशी ते 'बरंय' म्हणाले, मी 'बरंय' म्हणालो. पुढचे तीन गुरुवार मी पेपर तपासायचे आहेत असे कळवले.

पेपर खरोखरच होते. आणि ते तपासताना मला ती जुनी अडचण पुन्हा भेटली. पेपरावर नाव नसते, नंबर असतो. पण वर्षभर वह्या पाहिल्यावर अक्षर ओळखू येते. एखाद्या आवडत्या मुलीचे अक्षर दिसले, आणि उत्तर सहा आणि सात यांच्या मध्ये कुठेतरी असले, की मी काय करावे? सात दिले तर ओळखीचे दिले. सहा दिले तर ओळखीमुळे कापले. मला अक्षर ओळखलेच नाही असे समजून गुण देणे, हे एकच योग्य, आणि ते एकच मला करता येत नाही. त्या डावात भाऊसाहेब थांबले नसते तर मी काय म्हटले असते, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहिले. अगदी रात्री उशिरा, दिवा मालवल्यावर. उत्तर आले नाही. मला खरेच ठाऊक नाही. एकदा ऐकलेला सोळावा शब्द न ऐकल्यासारखा करता येत नाही. म्हणून तर कायदा म्हणतो की शंका असेल तेव्हा स्वतःच्या विरुद्ध जा. परीक्षकांसाठी असा कायदा नाही, हे विद्यापीठाचे नशीब की मुलांचे, कोण जाणे.

तरी राग होताच. आणि तो निराधार होता असे आजही मला वाटत नाही. चौथे इस्पिक त्यांच्या हातात. बोलायचे होते तर तिथल्या तिथे बोलायचे. थांबून मग बोलले असते तरी कोणाचे काही बिघडत नव्हते, कारण मग मला करायचे काहीच उरत नव्हते. थांबून पास म्हणणे हा सर्वांत वाईट प्रकार : स्वतः सुटायचे आणि भिडूला अडकवायचे. जाणते खेळाडू म्हणूनच विचार आधी करून ठेवतात. मुलगा तीन बदाम काढणार हे दिसतच होते. काढलेच तर आपण काय म्हणू, हे त्याचा हात पेटीकडे जाण्यापूर्वी ठरवायला भाऊसाहेबांना भरपूर वेळ होता. हे सारे भाषण मी स्नानगृहात अनेकदा केले.

दसऱ्याला मी सोने द्यायला त्यांच्याकडे गेलो. न जाणे शक्य नव्हते, वयाने वडील. आपट्याची पाने त्यांच्या हातावर ठेवून वाकलो. त्यांनी पाने नीट पंख्यासारखी धरली, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "मास्तर, चौथं इस्पिक होतं माझ्याकडे."

"मी पाहिलं ते," मी म्हणालो.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही दोन इस्पिकांवर गप्प बसलात, म्हणून कच खाल्ली. तुम्हाला खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. चूक माझी."

"मग डायरेक्टरला कशाला बोलावलंत?"

ते काही वेळ बोलले नाहीत. किती वेळ, ते मी मोजले नाही. सवय असूनही मोजले नाही. मग म्हणाले, "ती पोरगी 'छान खेळलात सर' म्हणाली, आणि तुम्ही मान डोलावलीत. ते मला बघवेना."

आतून त्यांच्या पत्नी श्रीखंड घेऊन आल्या. "चषक पाच मार्कांनी गेला म्हणे," त्या मला म्हणाल्या. "तरी मी यांना सांगत असते, फार विचार करू नका."

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा बसलो. योगायोग असा, की तिसऱ्याच बोर्डाला मी 'एक इस्पिक', वकीलसाहेब 'दोन बदाम', भाऊसाहेब 'दोन इस्पिक', आणि वकीलसाहेबांच्या भिडूने 'तीन बदाम' काढले. मी पास, वकीलसाहेब पास. त्यांची चिठ्ठी टेबलाला टेकायच्या आत भाऊसाहेबांनी 'तीन इस्पिक' आपटले. उजवीकडून ताबडतोब डबल. डमी उतरली, इस्पिकची तीनच पाने, तीही अठ्ठी, पंजी, दुर्री. दोन हात कमी पडले, तीनशे गुण गेले.

पाने गोळा करताना भाऊसाहेबांचा चेहरा चषक मिळाल्यासारखा झाला होता.

"थांबलो नाही ना?" ते म्हणाले.